अंबरमधला किडा खरंच शेणकिडा आहे का, हे कसं ओळखायचं?

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. पोलंडला शिकायला असलेल्या तुमच्या भाच्याने ग्दान्स्कच्या बाजारातून अंबरचा, म्हणजे झाडाच्या जीवाश्म झालेल्या राळेचा, एक खडा आणलाय, आत साधारण ४ मिमीचा काळा, फुगीर किडा आहे, दुकानदाराने तो ‘स्कॅरॅब, म्हणजे शेणकिडा’ असं सांगून चांगले पैसे लावले, आणि हे खरं का, आणि असं ओळखतात तरी कसं, असं तुम्ही विचारलंय. सोबत वरून काढलेला एक फोटो आहे.

अंबरमधले भुंगेरे बघण्यातच माझी बरीच वर्षं गेलीत, त्यामुळे आधीच स्पष्ट सांगतो, नुसत्या पाठीच्या फोटोवरून कोणी छातीठोकपणे स्कॅरॅब म्हणत असेल तर ते मानू नका. स्कॅरॅब ठरतो तो मिशांवरून आणि पोटाकडच्या बाजूवरून, पाठीवरून नाही. पाठ सगळ्यात आधी दिसते, फोटोत छान येते, दुकानदारही तीच दाखवतो, आणि बहुतेक चुकीची नावं तिथूनच चिकटतात. तुमच्या फोटोत पाठीवर एक गोष्ट मात्र अशी आहे की मला तो शेणकिडा वाटत नाहीये, ती पुढे सांगतोच.

खडा खरा आहे का हे आधी बघून घेऊ. ग्लासभर पाण्यात मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घालत जा आणि खडा त्यात सोडा. अंबरची घनता १.०५ ते १.१० च्या आसपास असते म्हणून तो तरंगतो, बेकेलाइट आणि पॉलिएस्टरचे नकली खडे बुडतात. पण कोपल, म्हणजे कोवळी, नीट न मुरलेली राळ, तीही तरंगते आणि काही हलकं प्लास्टिकही तरंगतं, त्यामुळे एवढ्यावर थांबू नका. किड्यापासून लांबच्या कोपऱ्यावर कापसाने ॲसिटोनचा एक थेंब लावा, कोपल चिकट होते, चांगलं बाल्टिक अंबर, म्हणजे ग्दान्स्ककडे बाल्टिक समुद्राच्या भागात मिळतं ते, होत नाही. गरम सुई वगैरे खुपसू नका, खडा तडकतो. पक्की खात्री हवी तर एफटीआयआर यंत्रावर, म्हणजे अवरक्त किरणांनी पदार्थ ओळखणाऱ्या यंत्रावर, बघतात, बाल्टिक अंबरच्या आलेखात ११५० ते १२५० प्रति सेंमीच्या पट्ट्यात खांद्यासारखा एक ठराविक सपाट भाग येतो, तो सहजासहजी दुसऱ्या कशात येत नाही.

खडा खरा पण किडा नंतर घातलेला, असंही होतं, आणि याला भलेभले फसलेत. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये बाल्टिक अंबरमधली एक माशी होती, फॅनिया स्कॅलॅरिस, १९२२ साली संग्रहालयाने घेतलेली, मोठमोठ्या तज्ज्ञांनी खरी म्हणून अभ्यासलेली. १९९३ मध्ये अँड्र्यू रॉस ती मायक्रोस्कोपखाली बघत असताना दिव्याच्या उष्णतेने एक भेग दिसायला लागली आणि मग कळलं की कोणीतरी अंबरचे दोन भाग करून एक भाग कोरला, त्यात आजची माशी बसवली आणि परत चिकटवलं. म्हणून खडा हळूहळू फिरवत कडेने एखादी सरळ रेष संपूर्ण वळसा घालून जाते का ते बघा. किडा अगदी मधोमध, पाय व्यवस्थित पसरून, ठेवल्यासारखा दिसत असेल तर संशय घ्या. तुमच्या किड्याच्या डाव्या अंगाला जो दुधाळ पांढरा थर दिसतोय ना, ते मात्र चांगलं लक्षण आहे. राळेत अडकल्यावर किडा आतून कुजताना जो ओलावा बाहेर येतो त्याचे अतिसूक्ष्म बुडबुडे होतात, तोच हा थर, आणि बाल्टिक अंबरमध्ये तो फार आढळतो. शिवाय भिंगाने आजूबाजूला बारीक चांदणीच्या आकाराचे केस दिसतात का शोधा, ते ओकच्या झाडाचे, बाल्टिक अंबरची जवळजवळ सहीच म्हणा. मला तुमचा खडा फोटोवरून तरी खरा वाटतोय.

वय म्हणाल तर बाल्टिक अंबर इओसीन काळातलं, साधारण ३.४ ते ४.८ कोटी वर्षांच्या मधलं.

आता मुख्य मुद्दा. स्कॅरॅब म्हणजे स्कॅरॅबॉइडिया या मोठ्या गटातले भुंगेरे, त्यात शेणकिडे आले, हुमणीचे भुंगेरे आले, नारळावरचा गेंड्या भुंगा आला, स्टॅग बीटल आले. या सगळ्यांची खूण एकच, मिशीच्या टोकाचे शेवटचे काही खंड, बहुतेक वेळा तीन, एका बाजूला लांब पाकळीसारखे वाढलेले असतात आणि त्या पाकळ्या बहुतेकांना मिटता-उघडता येतात. जिवंत किड्यात हे बघायला सोपं आहे, अंबरमध्ये नाही, कारण मरताना बहुतेक किडे मिशा डोक्याखाली घेतात आणि पाकळ्या मिटलेल्या असतात. मग दिसते ती फक्त एक छोटी गोळी. या गोळीवरच्या रेषा कुठल्या दिशेने जातात, त्यावर सगळं ठरतं. स्कॅरॅबमध्ये पाकळ्यांमधल्या फटी गोळीच्या लांबीने जातात आणि मिशीचा दांडा गोळीला एका कडेला जोडलेला असतो. दुसऱ्या किड्यांच्या गोळीवर रेषा आडव्या असतात, एकावर एक कडी चढवावी तशा, आणि दांडा बरोबर मधे येतो. पाकळ्यांच्या मधे हवा अडकली असेल तर त्या फटी चंदेरी चमकतात, असं दिसलं की फार आनंद होतो कारण मग शंकाच उरत नाही. हे बघायला खडा थोडा थोडा तिरका करत राहावं लागतं, समोरून गोळी गुळगुळीत दिसते आणि जरा कलवल्यावर अचानक तीन पानं वेगळी दिसतात, त्यामुळे एका कोनातून बघून निकाल देऊ नका.

याची सवय करायची तर अंबरची गरज नाही. वळवाचे पहिले पाऊस झाले की संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर हुमणीचे तपकिरी भुंगेरे येतात, शेतकऱ्याला विचारा, तो लगेच दाखवेल. ते गोळा करा. ट्यूबलाइटखाली पावसाळ्यात छोटे काळे शेणकिडे पडतात तेही घ्या. दहा रुपयांच्या भिंगाखाली मिशा, नख्या, मागच्या पायांचे काटे बघत बसा. मी शिकायला येणाऱ्या मुलांना आधी हेच करायला लावतो, ज्याने ताज्या भुंगेऱ्याची मिशी मिटलेली आणि उघडलेली दोन्ही पाहिलीय त्याला अंबरमधली अर्धवट दिसणारी मिशीही वाचता येते, नुसत्या चित्रांवरून ते येत नाही.

लोक दुसरी खूण सांगतात ती पुढच्या पायांची. नडगीच्या बाहेरच्या कडेला दात असतात, माती उकरायला. खरंय, स्कॅरॅबला असतात. पण माती किंवा लाकूड उकरणाऱ्या इतर बऱ्याच भुंगेऱ्यांनाही असतात, त्यामुळे नुसते दात बघून स्कॅरॅब म्हणणं चूक आहे. तुमच्या दुकानदाराने बहुधा हेच केलंय.

आणि आता तुमच्या फोटोतली ती गोष्ट. पाठीवरचे कडक पंख मागे सरळ कापल्यासारखे संपलेत आणि त्यांच्या मागे पोटाचे दोन खंड उघडे दिसतायत. दोन, हे महत्त्वाचं. स्कॅरॅबमध्येही काही गटांत मागचा खंड उघडा असतो पण तो सहसा एकच, शेवटचा. आखूड पंख, मागे दोन उघडे खंड, घट्ट गोलसर अंग, दातेरी पुढचे पाय आणि डोक्याखाली ओढून घेतलेल्या मिशा हे सगळं एकत्र आलं की माझा पहिला संशय हिस्टेरिडी कुळावर जातो. हे किडे शेणात, मढ्यात, झाडाच्या सालीखाली राहतात आणि तिथल्या माशांच्या अळ्या खातात. शेणात सापडतात म्हणून लोक त्यांना शेणकिडा म्हणतात पण शेणकिड्यांशी त्यांचं जवळचं नातं नाही. त्यांची मिशी कोपरासारखी वाकलेली असते आणि टोकाला घट्ट गोळी, आडव्या रेषांची. म्हणजे मिशी नीट दिसली की पाच मिनिटांत निकाल लागेल.

घोटाळा करणारे आणखी दोन-तीन गट आहेत. हायड्रोफिलिडी कुळातले शेणात राहणारे छोटे गोल किडे, यांची मिशी आखूड आणि टोकाची गोळी केसाळ, पण जबड्याजवळच्या स्पर्शिका लांब असतात, अंबरमध्ये त्याच मिशा समजल्या जातात. लिओडिडी कुळात टोकाच्या जाड खंडांमधे आठवा खंड एकदम बारीक असतो, एकदा दिसला की विसरत नाही. लाकूड पोखरणाऱ्यांमध्ये शेवटचे तीन खंड मोठे असतात पण सुटे सुटे, पाकळ्या नाहीत.

समजा पाकळ्या दिसल्या, स्कॅरॅब ठरला, मग पुढे कुठला? इथून खरं काम सुरू होतं आणि इथेच घाई जास्त होते. मिशीचे खंड मोजा, जिओट्रुपिडी कुळात ११ असतात, बऱ्याच इतरांत १०, शेणकिड्यांमध्ये ८ किंवा ९. हायबोसोरिडी कुळात गोळीचा पहिला खंड वाटीसारखा खोलगट असतो आणि पुढचे दोन त्यात बसतात, हा फार सुंदर आणि भरवशाचा गुण आहे. याच कुळातले सेरॅटोकँथिनी नावाचे किडे आपल्याकडच्या पैसा किड्यासारखे अंग दुमडून गोळा होतात, त्यामुळे अंबरमध्ये किडा अर्धवट वळलेला आणि पाय पट्टीसारखे चपटे असतील तर आधी त्यांचा विचार करा. ओकोडेइडी कुळात मधल्या पायाच्या नडगीच्या काट्याला कंगव्यासारखे दात असतात. स्टॅग बीटलला पाकळ्या असतात पण त्या एकमेकींवर मिटत नाहीत, बाल्टिक अंबरमधला पॅलिओग्नाथस सक्सिनी हा त्यातला जुना प्रसिद्ध नमुना, १८८३ साली वर्णन झालेला.

शेणकिड्यांपुरतं बोलायचं तर दोन उपकुळं वेगळी करावी लागतात, स्कॅरॅबिनी म्हणजे खरे शेणकिडे, आणि ॲफोडिनी म्हणजे लहान, लांबट, शेणातच किंवा कुजक्या पाल्यात राहणारे. मागच्या नडगीच्या टोकाला आतल्या बाजूने ॲफोडिनीला दोन काटे असतात, स्कॅरॅबिनीला एकच. ऐकायला सोपं, पण अंबरमध्ये दोन काटे एकमेकांवर येऊन एकच दिसतात, किंवा नडगीवरचा साधा जाड केस काटा समजला जातो. खरा काटा बुडाशी सांध्याने जोडलेला असतो, तिथे बारीक खोबण दिसते, ती शोधायची. दुसरं, मधल्या पायांची बुडं, स्कॅरॅबिनीमध्ये एकमेकांपासून चांगली लांब, ॲफोडिनीमध्ये जवळजवळ. तिसरं, पंखांच्या मधला छोटा त्रिकोण, ॲफोडिनीत दिसतो, खऱ्या शेणकिड्यांत बहुतेक वेळा दिसत नाही. या तिन्ही गोष्टी एकाच दिशेने बोलत असतील तरच नाव घ्यावं, आणि तिन्हीपैकी दोन पोटाकडच्या आहेत हे बघा. हुमणीच्या नातेवाइकांमध्ये नख्या बघतात, मेलोलोंथिनीत दोन्ही नख्या सारख्या आणि बहुतेकदा दात असलेल्या, रुटेलिनीत एक मोठी एक लहान.

हे मी इतकं ताणून सांगतोय त्याला कारण आहे. २०१६ मध्ये तारासोव्ह आणि सहकाऱ्यांनी तोवर नावं दिलेले शेणकिड्यांचे सगळे जीवाश्म परत तपासले, ३३ जुने आणि डॉमिनिकन अंबरमधले त्यांनीच वर्णन केलेले कँथोकिलम नावाच्या शेणकिड्यांचे दोन नवे, असे ३५. त्यातले फक्त २१ खात्रीने स्कॅरॅबिनी म्हणता येतात असं निघालं, १४ संशयास्पद. आणि त्या १४ मध्ये क्रेटेशियस काळातले सगळ्यात जुने म्हणून गाजलेले दोन्ही होते! आता नुसतं नाव चुकलं असं नाही हे, शेणकिडे डायनासोरच्या काळात होते की नंतर आले हा सगळा वाद अशा नमुन्यांच्या वयावर उभा राहतो. खात्रीच्या जुन्यांमध्ये फ्रान्सच्या ऑइज भागातल्या अंबरमधला लोबाट्युकस पारिसी आहे, सुमारे ५.३ कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणून एखादा गुण दिसत नसेल तर ‘दिसत नाही’ असंच लिहायचं, अंदाजाने भरायचं नाही, आणि कुळापर्यंतच पोचता आलं तर कुळावर थांबायचं. त्यात कमीपणा अजिबात नाही.

तसेही अंबरमध्ये स्कॅरॅब कमीच मिळतात. अंगाने दणकट, बरेचसे जमिनीत नाहीतर शेणात राहणारे, झाडाच्या खोडावरच्या राळेशी त्यांचा संबंध कमी येतो आणि मोठा किडा अडकला तरी धडपडून सुटतो. जे मिळतात ते बहुतेक छोटे, काही मिलिमीटरचे. गेंड्या भुंग्याएवढा स्कॅरॅब आत दाखवून कोणी विकत असेल तर मी आधी खडाच तपासेन.

आकार आणि रंगावर फार भरवसा ठेवू नका. राळ दबली की किडा चपटा होतो, डोकं एका बाजूला सरकतं, ब्रह्मदेशच्या अंबरमध्ये तर हे खूपच. अंग आणि राळ यांच्यामधे हवेचा पातळ थर राहिला की काळा किडा चांदीसारखा किंवा सोनेरी दिसतो, तो रंग किड्याचा नसतो. खडा तापवून पारदर्शक केला असेल तर आत गोल चकत्यांसारख्या भेगा पडतात, त्यांनी नेमकी हवी ती जागा झाकली जाते.

आता बघायचं कसं. पॉलिश करण्याआधी साधा उपाय करा, साखरेचा घट्ट पाक पूर्ण थंड करून एक थेंब खड्यावर ठेवा आणि वर मायक्रोस्कोपची पातळ काच. ग्लिसरीनही चालतं. ओरखडे आणि खड्याचा बाक यांनी जी प्रतिमा फुटते ती एकदम साफ होते, नंतर पाण्याने धुवायचं. मागून पांढरा कागद, मग काळा कागद, दोन्हींवर फोटो काढा. दिवा समोरून नको, दोन्ही बाजूंनी, बटर पेपरमधून. तेवढ्याने नाही जमलं तरच घासायचं, बारीक वॉटर पेपर पाण्यात, १२०० मग २००० मग ५०००, शेवटी नमद्यावर सेरियम ऑक्साइड, म्हणजे पॉलिशची पूड. घासलेली बाजू ज्या अवयवाकडे बघायचंय त्याच्या समांतर हवी, आणि किड्याच्या वर निदान १ मिमी अंबर ठेवाच. मिशी जर दुधाळ थराच्या आत असेल तर कितीही घासलं तरी दिसणार नाही, तिथे मायक्रो-सीटी स्कॅनच लागतो, त्यात खडा न कापता किडा सगळ्या बाजूंनी बघता येतो. पण काही खड्यांत किड्याचं अंग आणि अंबर यांच्यातला फरक क्ष-किरणांना फारसा कळत नाही आणि स्कॅन धूसर येतो, त्यामुळे स्कॅन केला म्हणजे उत्तर मिळालंच असं नाही.

तुम्ही शेवटी विचारलंय की पुढचा खडा ब्रह्मदेशचा घ्यावा का, कारण तो जुना असतो. जुना आहे, सुमारे ९.९ कोटी वर्षं. पण तो तिथल्या कचिन राज्यातल्या हुकाँग खोऱ्यातून येतो, तिथे संघर्ष चालू आहे, २०१७ मध्ये लष्कराने तिथल्या खाणींचा ताबा घेतला, आणि २०२० मध्ये पृष्ठवंशी जीवाश्मांवर काम करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने नियतकालिकांना तिथल्या नव्या नमुन्यांवरचे लेख थांबवण्याची विनंती केली होती. माझं मत विचाराल तर घेऊ नका.

आणि अंबर म्हणजे परदेशीच असं नाही. सुरतजवळच्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीत ५ कोटी वर्षांहून जुनं अंबर निघालंय, सालाच्या कुळातल्या झाडांची राळ ती. ती पुरती पक्की झालेली नसल्यामुळे द्रावकात विरघळवून किडा अख्खा बाहेर काढता येतो, ही सोय बाल्टिक अंबरमध्ये नाही. २०१० साली त्यातल्या सातशेहून जास्त संधिपाद प्राण्यांची नोंद प्रसिद्ध झाली, लखनौच्या बिरबल साहनी संस्थेचे शास्त्रज्ञ त्यात होते. तिथला गाजलेला भुंगेरा स्कॅरॅब नाही, प्रोटोक्लॅव्हिजर, मुंग्यांच्या वारुळात राहणाऱ्या गटातला. आजच्या त्याच्या नातेवाइकांत पोटाचे काही खंड जुळून एकच ताट झालंय, त्याच्यात ते अजून सुटे आहेत, आणि हे खंड मोजले म्हणूनच तो त्या गटाच्या सुरुवातीचा आहे हे कळलं. मुंबई-नाशिकहून इतक्या जवळ हे सगळं निघतंय आणि आपल्याकडे भुंगेऱ्यांकडे बघणारी तरुण मुलं मोजकी, याची मला फार हळहळ वाटते. कोणाला शिकायची इच्छा असेल तर आजचे भुंगेरे बघायला पुण्यात झूलॉजिकल सर्व्हेचं केंद्र आहे, सुरुवात तिथून करता येईल.

तुमच्या खड्याचे मला तीन फोटो हवेत. एक डोक्याचा खालून, मिशीची गोळी दोन-तीन वेगवेगळ्या कलांतून. दुसरा पूर्ण पोटाचा, मधल्या पायांची बुडं दिसतील असा. तिसरा मागच्या नडगीच्या टोकाचा. प्रत्येकात शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवा. गोळीवर रेषा आडव्या निघाल्या तर हिस्टेरिडीतला, लांबीने निघाल्या तर मी वर म्हटलेलं मागे घेऊन काटे मोजायला बसू. तोवर खडा उन्हात किंवा दिव्याखाली ठेवू नका, अत्तर-सॅनिटायझर लागू देऊ नका, कापसात गुंडाळून डबीत ठेवा आणि डबीत चिठ्ठी टाका, कुठून घेतला, कधी घेतला, विकणाऱ्याने काय सांगितलं. भाच्याकडे पावती असेल तर तीही त्यातच.